पाकीट आधी उलटं धरा: सिलिअ‍ॅक आणि ॲलर्जी सांभाळून तयार खाऊ कसा निवडायचा

सिलिअ‍ॅकचं (म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन लहान आतड्याला बाधतं त्या आजाराचं) निदान झालं की घरात पहिली चर्चा पोळीची होते. खरं तर पोळीचं कोडं आपल्याकडे लवकर सुटतं. भाकरी आहे, भात आहे, घावन आहेत, आंबोळ्या आहेत. घोडं अडतं ते दुपारच्या चहापाशी, एसटीच्या प्रवासात, शाळेच्या सहलीत, ऑफिसात कुणी पुढे केलेल्या पाकिटापाशी. त्यातून सिलिअ‍ॅकच्या जोडीला शेंगदाण्याची, दुधाची किंवा काजू-बदामाची ॲलर्जी असेल तर पंचाईत दुहेरी. गव्हापासून पळताना मराठी माणूस आपोआप उपासाच्या पदार्थांकडे वळतो, आणि तिथे शेंगदाण्याचं कूट हजर असतं. दुकानातली महागडी ‘ग्लुटेन-फ्री’ बिस्किटं घ्यावीत, तर मैद्याच्या जागी बदामाचं पीठ आणि दूध पावडर. आगीतून निघून फुफाट्यात.

म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक पाकिटाला दोन प्रश्न विचारायचे, आणि ते वेगवेगळे विचारायचे. यात ग्लुटेन आहे का? आणि माझ्या ॲलर्जीचं काही आहे का? एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिली पायरी: काय टाळायचं ते नेमकं लिहून घ्या

‘गहू बाधतो’ एवढ्या माहितीवर खरेदी करता येत नाही. सिलिअ‍ॅकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. त्यात गहू, जव आणि राय (इंग्रजीतलं rye, मोहरी नव्हे) ही तिन्ही धान्यं जन्मभर बंद. गव्हाची ॲलर्जी हा निराळा प्रकार. ती बहुधा काही मिनिटांत उमटते: अंगावर गांधी, ओठ किंवा घसा सुजणं, उलटी, धाप. तुमच्याकडे यातलं काय आहे, की दोन्ही आहे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

तपासण्या अजून व्हायच्या असतील तर मनानेच गहू सोडू नका. टीटीजी-आयजीए ही रक्ताची चाचणी आणि आतड्याची बायोप्सी, दोन्ही खाण्यात गहू चालू असतानाच खरं काय ते दाखवतात. आधी गहू सोडून मग तपासायला गेलेल्यांचं निदान महिनोन्‌महिने लटकतं.

मग टाळायच्या गोष्टींची यादी करा, आणि ती पाकिटावर छापलेली असतात त्या इंग्रजी शब्दांत करा. आपल्याकडे लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की कायद्याचं समाधान होतं, मराठी ऐच्छिक आहे. घरात आजी किंवा स्वयंपाकाच्या ताई खाऊ देत असतील तर पाच-सहा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. शब्द वाचता आला नाही तरी अक्षरांचं रूप जुळवता येतं.

दुसरी पायरी: वाचायचा क्रम

पाकिटाची पुढची बाजू जाहिरातीची, ती सगळ्यात शेवटी बघा. आधी मागच्या बाजूला घटकांच्या यादीच्या आसपास ‘कन्टेन्स’ने सुरू होणारी ओळ शोधा. एफएसएसएआयच्या, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार आठ गटांचा उल्लेख तिथे करावा लागतो: ग्लुटेन असलेली धान्यं (गहू, राय, जव, ओट्स, आणि स्पेल्ट हा गव्हाचाच एक प्रकार), कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व झाडावरचे कठीण कवचाचे मेवे, सोयाबीन, आणि किलोला 10 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट (पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन). या ओळीत तुमचा शत्रू दिसला की पाकीट परत फळीवर. पुढे वाचायचे कष्ट नकोत.

ओळ स्वच्छ असली तर घटकांची पूर्ण यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, पण आपल्यासाठी शेवटचा घटकही पहिल्याइतकाच महत्त्वाचा. यादी वाचायची ती मुख्यतः या आठ गटांबाहेरच्या गोष्टींसाठी. तीळ या यादीत नाहीत. मोहरी नाही. हरभरा नाही, म्हणजे बेसनही नाही. तिळाची ॲलर्जी असलेल्या माणसाला महाराष्ट्रातल्या फरसाणाच्या दुकानात ‘कन्टेन्स’ची ओळ काहीच मदत करत नाही. शिवाय मसाल्याचे पदार्थ ‘स्पायसेस अँड कॉन्डिमेंट्स’ असे एकगठ्ठा लिहायची मुभा आहे, त्यात मोहरी आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी पाकीट सोडा किंवा कंपनीला विचारा.

तिसरी ओळ ‘मे कन्टेन’ची, म्हणजे मुद्दाम घातलेलं नाही पण कारखान्यात मिसळलेलं असू शकतं. ॲलर्जी असेल तर ही ओळ ‘आहे’ असंच समजून वाचा. सिलिअ‍ॅकवाल्यांनीही ‘मे कन्टेन व्हीट’ दिसल्यावर पाकीट ठेवून द्यावं. एक अपवाद आहे: ग्लुटेन-फ्री म्हणून तपासून विकला जाणारा पदार्थ, ज्याच्या पाकिटावर ‘याच कारखान्यात गहूही हाताळला जातो’ असं लिहिलेलं असतं. तिथे तपासणी झालेली असल्यामुळे तो बहुतेकांना चालतो. मात्र ‘मे कन्टेन’ छापलेलंच नाही म्हणून पाकीट निर्धोक ठरत नाही. काही उत्पादक प्रामाणिकपणे छापतात, काही विचारच करत नाहीत.

हिरव्या ठिपक्याचा इथे अगदी थोडा उपयोग. अंडं असलेल्या पदार्थाला आपल्याकडे मांसाहारी चिन्ह लागतं, म्हणून अंड्याच्या ॲलर्जीत हिरवा ठिपका मदतीला येतो. दूध मात्र शाकाहारात धरलं जातं.

तिसरी पायरी: वेषांतर केलेली नावं

गव्हाची नावं तशी ओळखीची: आटा, मैदा, रवा, सूजी, सेमोलिना, दलिया, ब्रॅन, व्हीट स्टार्च. खपली गहू पचायला हलका म्हणून हल्ली बराच खपतो, पण तो गहूच. त्यात ग्लुटेन आहे. जव मात्र ‘माल्ट’ नावाने फिरतो: माल्ट एक्स्ट्रॅक्ट, माल्ट फ्लेवर, माल्ट व्हिनेगर. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी, चॉकलेटं आणि कॉर्नफ्लेक्स ही त्याची ठरलेली ठिकाणं. मका आहे म्हणून कॉर्नफ्लेक्स निर्धास्त घेणारे बरेच भेटतात. आपल्या मक्याच्या चिवड्यातले पोहे बहुधा नुसत्या मक्याचे असतात, डब्यातल्या कॉर्नफ्लेक्समध्ये माल्ट असतो. सातूचं पीठ जव किंवा गव्हाचंच. सोया सॉस पारंपरिक पद्धतीत सोयाबीन आणि गव्हापासून बनतो, म्हणून ‘शेजवान’ चवीच्या कुरकुरीत खाऊकडे संशयाने बघा. ओट्स शेतात आणि गिरणीत गव्हाच्या संगतीत असतात, त्यामुळे पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच ओट्स बघायचे, तेही डॉक्टरांना विचारून, कारण काही सिलिअ‍ॅक रुग्णांना शुद्ध ओट्सही बाधतात.

दुधाची नावं: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, केसीनेट, बटर, घी. खारवलेल्या साध्या वेफर्समध्ये दूध नसतं, पण त्याच कंपनीच्या ‘क्रीम अँड ओनियन’मध्ये असतं. यादीत खाद्यपदार्थात घातलेल्या रसायनांना ‘आयएनएस’ क्रमांक असतात, त्यातले दोन लक्षात ठेवा. आयएनएस 322 म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाचं. आयएनएस 220 ते 228 म्हणजे सल्फाइट. सुका मेवा, सुकवलेली फळं यांत ते भेटतात आणि दमा असलेल्या काही जणांना त्रास देतात.

हिंगाबद्दल सविस्तर

नव्या सिलिअ‍ॅक रुग्णाला कुणी आधी न सांगितलेली गोष्ट ही आहे. आपण वापरतो तो डबीतला हिंग हा निव्वळ हिंग नसतो. मूळ हिंग फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि कुठलं तरी पीठ मिसळून तो वापरण्याजोगा करतात. हे पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं, काही ब्रँडांत तांदळाचं. डबीच्या मागे ते छापलेलं असतं. घरच्या फोडणीसाठी तांदळाच्या पिठाचा हिंग आणला की विषय मिटतो. पाकीटबंद शेव, पापड, चिवडा, भडंग, लोणचं यांच्या यादीत मात्र ‘ॲसाफोटिडा’ एवढा एकच शब्द असतो. तो कसला हिंग ते बाहेरून कळत नाही.

चिमूटभर हिंगातल्या पिठाने काय होतंय, असं घरची वडीलधारी मंडळी म्हणतील. शेवेच्या मोठ्या घाण्यात त्याचं प्रमाण खरंच थोडं असतं. पण किती थोडं हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि सिलिअ‍ॅकमध्ये रोजचं थोडं थोडंच आतडं भरून येऊ देत नाही. माझा नियम सरळ आहे: यादीत हिंग आहे आणि पाकिटावर ग्लुटेन-फ्रीचा दावा नाही, तर कंपनीशी बोलल्याशिवाय घ्यायचं नाही. यामुळे बाजारातलं निम्मं फरसाण बाद होतं, हे कबूल.

फरसाणाच्या फळीसमोर उभं राहिल्यावर

शंकरपाळी, करंज्या, चिरोटे, खारी, टोस्ट, नानकटाई, खाकरा यांच्याकडे बघायचंच नाही, ती सरळ गव्हाची. बाकरवडीच्या आवरणात मैदा असतो. कुरडई पुष्कळांना तांदळाची वाटते, पण आपली नेहमीची कुरडई भिजवलेल्या गव्हाच्या चिकाची. चकली मुळात तांदूळ आणि डाळींच्या भाजणीची, म्हणून आशा ठेवायला जागा आहे. पण बाजारी चकलीत मैदा असतो का ते यादीत बघा, आणि तीळ तर असणारच. थालिपीठाच्या तयार भाजणीत गहू असतोच म्हटलं तरी चालेल. अनारसे तांदूळ, गूळ आणि खसखशीचे. बेसनाच्या लाडवात रवा मिसळणारे असतात.

नाचणीची बिस्किटं, ज्वारीच्या कुकीज, ‘मल्टिग्रेन’ चिप्स हा सगळ्यात फसवा कोपरा. पुढे नाचणीचं कणीस, आणि मागे यादीत पहिला शब्द मैदा नाही तर आटा. भरडधान्यांचा बोलबाला झाल्यापासून अशी पाकिटं वाढली आहेत. शुद्ध ज्वारी-नाचणीच्या पदार्थातही गिरणीचा प्रश्न उरतो. ज्या जात्यावर आधी गहू दळला, त्याच जात्यावर नंतर ज्वारी दळली तर गव्हाचं पीठ तिच्यात आलंच. घरचं दळण कोपऱ्यावरच्या गिरणीतून आणता तिथेही हेच. सिलिअ‍ॅकच्या घराने घरगुती चक्की घ्यावी असं मला वाटतं.

त्यातल्या त्यात भरवशाचं काय? बटाट्याचे खारे वेफर्स, ज्यांच्या यादीत बटाटा, तेल, मीठ एवढे तीनच शब्द आहेत. नुसते कुरमुरे, राजगिऱ्याच्या आणि ज्वारीच्या लाह्या, साधे मखाणे, घरी फोडायचे मक्याचे दाणे. आंबापोळी, फणसपोळी, सल्फाइट तपासून. गोव्यातला दोदोल तांदळाच्या पिठाचा, नारळाच्या दुधाचा आणि गुळाचा, पण काजूची ॲलर्जी असेल तर जपून. बेबिंकात मैदा, अंडं आणि तूप तिन्ही. यादी जितकी आखूड, तितकी चुकण्याची शक्यता कमी.

उपासाची फळी आणि शेंगदाणा

ग्लुटेनपुरतं बघितलं तर उपास हे आपल्याला मिळालेलं आयतं दान आहे. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं, बटाटा, यातल्या कशातच ग्लुटेन नाही. उपासाच्या चिवड्यात बहुधा हिंगही नसतो. एकादशीच्या आसपास दुकानं या पाकिटांनी भरतात आणि फक्त सिलिअ‍ॅक असलेल्याची चंगळ होते. ‘बहुधा’ हा शब्द तरी विसरू नका, कारण कढई आणि तेल तेच असतं ज्यात काल शंकरपाळी तळली.

शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हीच फळी सगळ्यात धोक्याची. उपासाच्या चिवड्यात दाणे, साबुदाणा चकलीत कूट, राजगिरा चिक्कीत दाणे नसले तरी ती त्याच कारखान्यात शेंगदाणा चिक्कीच्या शेजारी थापलेली. फुटाणे निरुपद्रवी वाटतात, पण भट्टीवाला त्याच तापल्या वाळूत आधी शेंगा भाजतो. तेलाचंही बघा. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिनांचा अंश अगदी नगण्य उरतो, लाकडी घाण्याच्या तेलात मात्र तो राहतो. ‘लाकडी घाण्याच्या तेलात तळलेलं’ असं अभिमानाने छापलेलं पाकीट ॲलर्जीवाल्याने हातात घेऊ नये. रिफाइंड तेल चालेल का, तेही तज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

‘ग्लुटेन-फ्री’चा अर्थ

भारतात हा दावा करायचा तर किलोमागे ग्लुटेन 20 मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाचीही हीच मर्यादा. म्हणजे 100 ग्रॅमच्या पाकिटात जास्तीत जास्त 2 मिलिग्रॅम. ‘लो ग्लुटेन’ हा वेगळा वर्ग, 20 ते 100 मिलिग्रॅमचा, तो सिलिअ‍ॅकसाठी नाही. ‘व्हीट-फ्री’ म्हणजेही ग्लुटेन-फ्री नव्हे, जव असू शकतो.

परदेशातून मावशीने पाठवलेल्या खाऊला तिथले नियम लागू. अमेरिकेत गव्हाचा उल्लेख सक्तीचा आहे, जवाचा नाही. त्यामुळे ‘कन्टेन्स व्हीट’ नसलेल्या पाकिटातही माल्ट निघतो. तीळ तिथे 1 जानेवारी 2023 पासून सक्तीच्या यादीत आले. युरोपीय संघाची यादी 14 ॲलर्जींची असून तीळ आणि मोहरी दोन्ही तिच्यात आहेत, म्हणून तिळाची ॲलर्जी असलेल्याला युरोपातलं लेबल आपल्यापेक्षा सोपं जातं. पण युरोपातल्या काही ग्लुटेन-फ्री बिस्किटांत ग्लुटेन काढून टाकलेला गव्हाचा स्टार्च असतो. सिलिअ‍ॅकला तो चालतो, गव्हाच्या ॲलर्जीला मुळीच नाही. दोन प्रश्न वेगळे ठेवायचे ते अशाच पाकिटांसाठी.

कंपनीला फोन

प्रत्येक पाकिटावर ग्राहक सेवेचा नंबर किंवा ईमेल असतो. ‘हे सिलिअ‍ॅकला चालेल का?’ असं विचारलंत तर ‘हो मॅडम, आमचं सगळं शुद्ध असतं’ हे उत्तर ठरलेलं. त्यापेक्षा असं विचारा: यात वापरलेल्या हिंगात कसलं पीठ आहे? याच यंत्रावर गव्हाचं किंवा शेंगदाण्याचं काही निघतं का? मधे यंत्र धुता का? तळण्याचं तेल वेगळं असतं का? ग्लुटेनची एलायझा चाचणी प्रत्येक लॉटची करता, की एकदाच केली? उत्तर लेखी मागा आणि तारखेसकट जपून ठेवा.

बचत गटाच्या किंवा घरगुती उद्योगाच्या ताईंना फोन लावला तर पुष्कळदा सरळ उत्तर मिळतं: ‘नाही हो, एकाच कढईत तळतो.’ हे ऐकून पदार्थ सोडावा लागतो, तरी अशा माणसाचा नंबर ठेवून द्या. दिवाळीच्या आधी, कढईचा पहिला घाणा तुमच्यासाठी काढायला त्या तयारही होतात. पीठ आणि हिंग मात्र तुम्ही द्या.

लेबलच नसलेला खाऊ

सुट्टं फरसाण नको. एकच डाव सगळ्या बरण्यांत फिरतो. दुकानदाराने स्वतः पिशवीत भरून वजन चिकटवलेली पाकिटंही सुट्ट्यातच धरा. 100 चौरस सेंटीमीटरपेक्षा छोट्या वेष्टनावर घटकांची यादी छापण्यातून सूट आहे, ती मोठ्या बॉक्सवर असते. म्हणून शाळेत वाढदिवसाला वाटलेल्या गोळीवर काहीच वाचायला मिळत नाही. बाईंकडे आधीच एक डबा देऊन ठेवा, बदली खाऊचा. ॲपवरून मागवताना लेबलचा फोटो जुना असू शकतो, घरी आल्यावर पाकीट पुन्हा वाचा. पुन्हा वाचणं ओळखीच्या पाकिटालाही लागू आहे. ‘नवी चव’ असा पट्टा दिसला, पाकिटाचा आकार बदलला, कारखान्याचा पत्ता बदलला, की ते नवंच पाकीट समजा.

घरी आणल्यावर

सिलिअ‍ॅकवाल्यांनी नवा पदार्थ एका वेळी एकच सुरू करावा. मात्र खाऊन काही झालं नाही याचा अर्थ तो चालला असा नाही, कारण पोट न दुखताही आतड्याचं नुकसान चालू राहू शकतं. ठरल्या वेळी टीटीजी तपासून घ्या. आकडा उतरत नसेल तर डॉक्टरांकडे जाताना खाल्लेल्या पाकिटांचे फोटो घेऊन जा.

ॲलर्जीत ‘थोडं चाखून बघू’ हा प्रकारच नाही. आधीची प्रतिक्रिया हलकी होती म्हणून पुढची तशीच असेल याची खात्री नसते. तीव्र प्रतिक्रियेवर पहिलं औषध ॲड्रेनलिन. परदेशात मिळतात तशी स्वतः टोचायची पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, तेव्हा काय जवळ ठेवायचं, किती मात्रेत, कुणी टोचायचं हे डॉक्टरांकडून आधी शिकून घ्या. श्वास अडला, आवाज बसला, चक्कर आली तर वाट न बघता 108 ला फोन करा आणि माणसाला आडवं झोपवा, धाप लागली असेल तर टेकवून बसवा.

डबे वेगळे, झाकणावर रंगीत चिकटपट्टी, आणि पाकीट रिकामं करून डब्यात ओतलं तरी मागची बाजू कापून त्याच डब्यात ठेवा. लॉट नंबर तिच्यावर असतो. पदार्थ बाधला किंवा लेबलवर नसलेलं काही आत निघालं, तर एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट पोर्टलवर तक्रार करता येते. तिथे तो तुकडा आणि खरेदीची पावती दोन्ही उपयोगी पडतात.